अंगठ्याला बांधायचा दोरा

माझी माय पडून गेली नाही.

हे आधीच लिहून टाकते, कारण कालपासून येणारा प्रत्येक फोन "पुन्हा पडल्या का?" इथूनच सुरू होतोय. नाही पडली. हार्ट अटॅक आला. पाय शेवटपर्यंत ठणठणीत होता.

अकोल्यात जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान आहे. मागच्या वर्षी बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं, त्यावरून माय घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन करून गोळा बदलला आणि मी तिला माझ्याकडे अमरावतीला घेऊन आले.

डॉक्टरांनी बजावलं होतं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय पोटाशी ओढायचा नाही, नाहीतर गोळा निसटेल. पण उभं मात्र रोज राहायचं, चालायचं.

आता जिने जन्मभर जमिनीवर बसून, दोरा पायाच्या अंगठ्याला बांधून हार केले, तिला हे सांगायचं कोणी?

मीच सांगितलं. उठता बसता सांगितलं.

मी मुळातच घाबरट, नवऱ्याला विचारा. घरातली पायपुसणी उचलली, सतरंज्या माळ्यावर टाकल्या. माय बाथरूमला निघाली की मागे दोन्ही हात पसरून मी.

"तुले पाहूनच मले भेव लागते," ती म्हणायची.

भेटायला येणाऱ्यांची आणखी तऱ्हा. अकोल्याहून एकेक नातलग यायचा, केळी ठेवायचा आणि सांगून जायचा, आता उठू नका, लय कष्ट केले, आराम करा. मायलाही ते पटायचं, कारण उभं राहायची तिलाही धास्ती होती. फिजिओथेरपीला येणाऱ्या प्राजक्ता मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, असा आराम केला तर अंथरुणाला खिळतील.

म्हणजे उभी राहिली तर पडायची भीती, नाही राहिली तर ही भीती. माझी झोपच उडाली.

एक दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आले तर माय खुर्चीत बसून ऑपरेशनचाच पाय वर ओढतेय. देवासाठी आणलेली शेवंती ओच्यात, दोरा हातात, आणि अंगठा काही हाताला येत नव्हता.

मी दोरा हिसकावला. नको नको ते बोलले. त्या दिवशी मॅडम आल्या तरी माय खुर्चीतून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंती माना टाकायला लागली. सुकणारं फूल मायला बघवत नाही. तिने कुठूनसा दुसरा दोरा काढला, वॉकर धरून उठली, दोरा वॉकरच्या दांडीला बांधला आणि उभ्यानेच हार करायला लागली.

दोन्ही हात सोडून.

"माय, वॉकर धर."

"वॉकर धरून ठेवला तं हार कोन करन?"

मला वाटलं, आता मॅडमच तिला रागावतील. त्यांनी काय करावं? वॉकर खिडकीच्या गजाला बांधला, मायच्या मागे खुर्ची लावली आणि म्हणाल्या, आजी, जेवढा हार तेवढं उभं राहायचं.

आधी गजऱ्याएवढा झाला. मग देवघरातल्या तसबिरीएवढा. पुढे दसरा नसताना नवऱ्याच्या गाडीलाही हार पडला. मी आपली मागे हात पसरून उभी.

हातात काठी आली तशी माय अकोल्याला जायचं म्हणायला लागली. मी म्हटलं इथेच राहा, काय कमी आहे?

"तुह्या घरी गिऱ्हाईक येत नाई," ती म्हणाली.

गेली. विलासदादाने, माझ्या भावाने, दुकानाच्या खांबाला वॉकर बांधून दिला, मागे उंच खुर्ची ठेवली. मी रोज फोन करायची. पहिला प्रश्न एकच, पडली नाहीस ना?

"पडली असती तं फोन उचलला असता काय मी?"

काल सकाळी दादाचा फोन आला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. पडली का, एवढंच विचारलं.

"नाई वं बाई," दादा म्हणाला. "चहा सांगितला, खुर्चीत टेकली, अन् गेली."

पोचले तेव्हा वॉकरला अर्धा हार तसाच होता. कुणाच्या तरी वास्तूचा होता, दादाने त्यांना दुसरीकडून घ्या म्हणून कळवलं होतं.

तो मी पुरा केला. तिच्याच जागी, उभ्यानेच. बोटांना सगळं आठवत होतं, पण मागे हात पसरून कोणी उभं नव्हतं.

तोच हार तिला घातला.

अजूनही फोन वाजला की पडली का, हेच तोंडावर येतं. मग लक्षात येतं, आता पडायला कोणी उरलं नाही. इतके दिवस त्या भीतीला कंटाळले होते. आज ती परत हवी आहे.

माय, आता खुशाल खाली बस. मांडी घाल, दोरा अंगठ्याला बांध.

मी काही म्हणणार नाही.