पाटीपुसे आणि ताईचा लॅपटॉप

आमच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला सगळे पाटीपुसे म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, आता पस्तावतो. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिथलं सगळं मला नको तेवढं ऐकू येतं. मशीनचं दुखणं कुठलंही असो, याचा इलाज एकच: सगळं पुसायचं आणि नव्याने भरायचं. "पाटी कोरी, कटकट सरली," म्हणायचा. मात्र पुसण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "आतलं दुसरीकडे ठेवलंय ना?" आणि वहीत सही घ्यायचा. हा नियम त्याने एकदाच मोडला.

त्याची थोरली बहीण वीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्यांचे नकाशे गिरवत होती. याला शिकवलं, पायावर उभं केलं तेही तिनेच. पन्नाशीला टेकल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने एका शाळेच्या इमारतीचं डिझाइन स्पर्धेला द्यायचं ठरवलं. आठ महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या. मुदतीला चार दिवस उरले असताना पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अपडेट झाला आणि लॅपटॉपचा पडदा काळा पडला. सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसायचं, मग अंधार.

"बघ रे जरा, माझं सगळं यातच आहे," असं म्हणून लॅपटॉप ठेवून ती ऑफिसला पळाली. हे मीही ऐकलं. त्याला वाटलं, एवढं महत्त्वाचं काम ताईने पेनड्राइव्हवर ठेवलंच असणार. तिला वाटलं, भाऊच या धंद्यातला, तो जपेल. सख्ख्या बहिणीची सही कोण घेतो? त्याने पुसलं.

सगळं नव्याने भरलं, तोच ड्रायव्हर इंटरनेटवरून आपोआप उतरला आणि पडदा पुन्हा काळा. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडचा नजर तपासायचा मॉनिटर नेऊन जोडला. चित्र लख्ख आलं! त्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन होती. धाकटं रोजच्या कामाचं, लॅपटॉपचा पडदा त्याच्यावर चालायचा. थोरलं जड चित्रांचं, बाहेरच्या मॉनिटरची वायर त्याला जोडलेली. बिनसलं होतं फक्त धाकट्याचं. त्याचा जुना ड्रायव्हर घातला आणि मशीन पाच मिनिटांत बरं झालं.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," मी बोलून गेलो. मग त्याचं तोंड बघून जीभ चावली. त्या लॅपटॉपमधल्या नव्या जातीच्या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही, हे त्यानेच मला मागे सांगितलं होतं.

संध्याकाळी ताई आली. "ताई, मी विचारलंच नाही गं तुला," तो म्हणाला. पेनड्राइव्हवर तिने काहीच ठेवलं नव्हतं. तिने तो स्वच्छ पडदा मिटला.

"मीही नीट सांगितलं नाही," ती म्हणाली.

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो. डिझाइन तिने परत काढलं नाही. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांचेच नकाशे गिरवले.

आता तो आधी मॉनिटर जोडून बघतो, दुसरा इलाज उरला नाही तरच पुसतो. मी ते टोपणनाव सोडलं, गल्लीने सोडलं नाही. गेल्या महिन्यात ताईचा तोच लॅपटॉप पुन्हा बंद पडला. याने वही पुढे सरकवली आणि खाली बघत विचारलं, "ताई, आत काही आहे का?"

तिने न वाचताच सही केली.

"पूस खुशाल. तेव्हापासून मी त्यात काही ठेवलंच नाही."