आतून कुणी हाक मारत नव्हतं

भोसरीच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस. खुर्ची पुढे ओढते न ओढते तोच पलीकडच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला, "एऽऽ वजन! ओ दे की! कवाची हाका मारतीये!"

मी दचकून उभीच राहिले. कुणाची तरी खरडपट्टी चाललीय असं वाटलं. पाहिलं तर पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई, अंगावर सुती साडी, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या, एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. शेजारच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "कुंदाताई आहेत. प्रोग्रामशी बोलतायत. सवय होईल तुला."

'वजन' हे त्यांनी लिहिलेल्या एका फंक्शनचं नाव होतं. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एक कामाचा तुकडा. त्याला नावाने बोलावलं की तो आपलं काम करतो. आम्ही सगळे त्याला 'कॉल करणं' म्हणायचो. कुंदाताई 'हाक मारणं' म्हणायच्या, आणि खरोखरच मारायच्या, बांधावर उभं राहून पलीकडच्या शिवारातल्या माणसाला मारावी तशी.

कुंदाताई पुनावळ्याच्या. घर जुन्या गावकऱ्यांपैकी. "आमच्या वांग्याच्या वावरात आता लोक लिफ्टनं वर जात्यात," असं त्या हसत सांगायच्या. सासऱ्यांचा वाळूचा धंदा होता. त्यांनी हौसेने कॉम्प्युटर आणला, त्यावर भरतकामाचं फडकं टाकलं आणि सुनेने शिकावं असं फर्मान काढलं. "मी शिकले. धंदा बुडाला, मी ऱ्हायले," एवढ्यात त्यांची कहाणी संपायची. बाकी चिंचवडला क्लास, लेकीला कडेवर घेऊन दिलेल्या परीक्षा, पहिल्या नोकरीत 'बाई, तुम्हाला जमेल का' म्हणणारे लोक, हे सगळं मला तुकड्यातुकड्याने, विचारून विचारून कळलं.

आमची कंपनी लहान. भोसरी आणि चाकणच्या वर्कशॉपना आम्ही सॉफ्टवेअर पुरवायचो. पत्र्याचे भाग दाबून काढणारी प्रेस चालू आहे की बंद, किती माल निघाला, असलं सगळं त्यात दिसायचं. पण बऱ्याच शेठ लोकांकडे आधीच कुणीतरी बनवून दिलेलं साधं एचटीएमएलचं, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं पान असायचं. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तेच झळकायचं आणि कामगारांना त्याचीच सवय. "आमचं पान राहू द्या, तुमचं आतून जोडा," असा आग्रह. म्हणजे पान बाहेरचं, आणि त्याने आमच्या बांधून दिलेल्या प्रोग्रामच्या आतली फंक्शनं बोलवायची.

हे मला पहिल्यांदा समजावलं ते कुंदाताईंनी. "हे बघ पोरी, आपण लिहितो तवा समद्यांना नावं असत्यात. कंपाइल केलं की त्याचं गाठोडं बांधलं जातं. गाठोड्यात नावं न्हाई ऱ्हात. आतले एकमेकांना वळखत्यात, त्यांचं भागतं. पन बाहेरच्या पानाला आतल्या कुणाला हाक मारायची, तर त्याच्या नावाची पाटी दारावर लावावी लागती. पाटी न्हाई तर हाक वाऱ्यावर."

एकदा पिंपरीच्या एका गिऱ्हाइकाकडे मीच करून दिलेलं पान काही केल्या चालेना. मी घामाघूम. कुंदाताईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आतला मानूस अजून अंथरुणात हाय आन तू दारात हाका मारतीस. उठू दे की त्याला." प्रोग्राम पूर्ण उघडण्याआधीच माझं पान त्याला बोलवत होतं. शेठही हसला. पण परतताना स्कूटरवर त्या गंभीर झाल्या. "हाक मारलीस, पन ओ आली का ते बघितलं न्हाईस. मशिनीला लाज नसती. तिला कुनी ओ दिली न्हाई तरी ती पुढं जाती. लाज आपल्याकडं पायजे."

त्यांच्या कामात मी कधी चूक पाहिली नव्हती. ऑफिसात कुणाचंही काही बिघडलं की आधी आपलं पाहायचं, मग दुसऱ्याचं, आणि अगदी शेवटी कुंदाताईंचं. तेही संकोचत.

म्हणून चाकणचा तो दिवस मला अजून खरा वाटत नाही.

नवी आवृत्ती बसवायला आम्ही दोघी सकाळीच एका प्रेस शॉपमध्ये गेलो होतो. काम आटोपलं, स्क्रीन चालू झाली, आम्ही लॅपटॉप आवरत होतो. समोरच्या मोठ्या प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. बालाजी नावाचा फिटर तो काढायला आला. लातूरकडचा, हसतमुख, आल्या आल्या आम्हाला 'राम राम ताई' करून गेलेला. असं आत हात घालायचं काम निघालं की पूर्वी तिथे मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायची रीत होती. पण स्विचचं पॅनेल पार टोकाला. पानावर 'लॉक' बटण आल्यापासून कुणी तिथवर जात नव्हतं. बटण दाबलं की पान आमच्या प्रोग्रामला सांगायचं, प्रोग्राम प्रेसला अडवून धरायचा, आणि स्क्रीनवर हिरव्या पट्टीत 'लॉक आहे' असं उमटायचं.

बालाजीने बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. त्याने हात आत घातला.

पलीकडच्या बाजूला उभ्या ऑपरेटरला तो दिसत नव्हता. त्याच्यापुढे मशीन तयार असल्याचा दिवा लागला आणि त्याने नेहमीसारखी दोन्ही बटणं दाबली. प्रेस खाली आली.

तो आवाज मी रोज ऐकत होते. या वेळी त्याच्यामागून कुणीतरी किंचाळलं. प्रेस वर गेली तेव्हा आतमध्ये बालाजीचा हातमोजा होता. पापडासारखा चपटा, पाची बोटं पसरलेली. क्षणभर मला एवढंच दिसलं.

मोज्यात हात नव्हता. मोजा पत्र्याच्या धारेत अडकला म्हणून वैतागून बालाजीने हात त्यातून ओढून काढला होता, आणि त्याच क्षणाला प्रेस आली होती. तो आपला उघडा पंजा डोळ्यांपुढे धरून उलटासुलटा करून बघत होता. मग तो हसायला लागला. थांबेचना. दोघांनी धरून त्याला बाकावर बसवलं, तरी हसतच होता.

मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या ना बालाजीकडे बघत होत्या, ना मोज्याकडे. त्या भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत होत्या. तिथे अजून हिरव्या पट्टीत लिहिलेलं होतं, 'लॉक आहे'.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि शोधू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचे हात थांबले. मी शेजारी वाकले. त्या इतक्या हळू बोलल्या की मला दोनदा विचारावं लागलं.

"मी काढलं त्याला."

आदल्या आठवड्यात त्यांनी प्रोग्रामची साफसफाई केली होती. जुनी, बिनकामाची फंक्शनं काढून टाकली होती. त्यात प्रेस लॉक करणारं एक जुनं फंक्शन होतं. आमच्या प्रोग्राममध्ये त्याला कुणीच बोलवत नव्हतं, आमच्या स्क्रीन नव्या फंक्शनवर गेल्या होत्या. "आतून कुनी हाक मारत नव्हतं गं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, नुसतंच बसून हाय." पण त्या शेठचं बाहेरचं पान अजून त्या जुन्यालाच हाक मारत होतं. आज हाक मारली, आत कुणी नव्हतं. आणि त्या पानाने ओ येण्याची वाट न बघता स्वतःच हिरवी पट्टी रंगवली.

ज्या बाईने मला ओ आली का बघायला शिकवलं, तिच्या हातून हे झालं होतं. मला पटेना. मी तीच फाईल पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. काढणाऱ्याचं नाव त्यांचंच होतं.

दुपारी आमचे साहेब धावत आले. मालकाच्या केबिनमध्ये जाण्याआधी त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं, काचा वर केल्या. "हे बघा, पान त्यांचं आहे. हिरवी पट्टी त्यांच्या पानाने दाखवली. आपण एवढंच सांगायचं. आणि हे काही खोटं नाही."

खरंच खोटं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

केबिनमध्ये साहेबांनी व्यवस्थित मांडलं. शेठ मान डोलावत होता, त्याचा प्रॉडक्शन मॅनेजर पान बनवून देणाऱ्या जुन्या माणसाला शिव्या घालत होता. प्रकरण मिटत आलं होतं. तेवढ्यात कुंदाताई उठून उभ्या राहिल्या.

"शेठ, तुमच्या पानानं खोटं हिरवं दावलं, ते खरं हाय. पन ते ज्याला हाक मारत होतं त्याला मी काढला होता. बाहेरून कुनी बोलवतंय का, हे मी इचारलं न्हाई. तुमाला न्हाई, कुनालाच न्हाई. आज त्या पोराचा हात गेला असता तर माज्यामुळं गेला असता."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. शेठ म्हणाला, "बाई, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. आनिक एक सांगते. हात घालायचं काम पानाच्या भरवशावर करू नगा. स्विचला कुलूप लावा. माजा प्रोग्राम उद्या नीट झाला तरी कुलूप लावा."

मॅनेजर रागाने लाल झाला होता. शेठने त्याला हाताने थांबवलं आणि ऑपरेटरला बोलावून पहिलं काम सांगितलं ते कुलपाचं. दुसरं काम, आमच्या कंपनीचं कंत्राट बंद.

पुढच्या काही दिवसांत कुंदाताईंनी आमच्या एकूण एक गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. "लॉकचं बटन काढून टाकतोय. स्विच पाडा, कुलूप लावा." साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. "ताई, तुम्ही कंपनी बुडवाल!" त्या म्हणाल्या, "बुडंल तर बुडू द्या साहेब. हात पुन्हा उगवत न्हाईत." महिन्याअखेरीस त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी तो आधीच लिहून ठेवला होता.

आता त्या पुनावळ्याला घरूनच काम करतात. फोनवर बोलणं होतं, कधी मी जाऊन येते. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात त्या नोकरी सुटल्यानंतरच्या रविवारच्या. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून भोसरीच्या चौकात बोलावून घेतलं. "बालाजीकडं जायचंय. पत्ता काढलाय, चल."

चाळीतली एक खोली. बालाजी आम्हाला बघून गडबडला, सतरंजी अंथरली. त्याची बायको सुनीता आनंदली होती. नवऱ्याच्या कामावरच्या ताई घरी आल्या होत्या. ती लगबगीने चहाला लागली. ती पाठमोरी झाली तसा बालाजी आमच्यापाशी सरकला आणि कुजबुजला, "ताई, घरी काईच सांगितलं नाही मी. तिला झोप लागायची नाही. तुमी बी नका काडू विषय."

मी मान डोलावली. कुंदाताईंनी नाही.

सुनीता चहा घेऊन आली. कुंदाताईंच्या हातात कप देऊन समोर टेकली आणि हसून म्हणाली, "कशा काय आलात ताई?"

"माफी मागायला आले बाई," कुंदाताई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. प्रेस, मोजा, आपण काय काढलं आणि काय विचारलं नाही. आपला मोठेपणाही सांगितला नाही आणि रडल्याही नाहीत. बालाजी भिंतीकडे तोंड करून बसला.

सुनीताने आधी नवऱ्याचा उजवा हात धरला. बोटं चाचपली, एकेक करून. मग कुंदाताईंकडे वळली. "म्हंजे तुमच्यामुळं यांचा हात जाणार होता?"

"व्हय."

ती उठली. कुंदाताईंच्या हातातला भरलेला कप तिने काढून घेतला, मोरीत ओतला आणि तिथेच आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बालाजी "अगं, अगं" करत राहिला. कुंदाताईंनी त्या पाठीला हात जोडले आणि दाराकडे वळल्या.

खाली गल्लीत येईपर्यंत माझा संताप अनावर झाला होता. एवढं खरं बोलायला आलेल्या बाईला असं करायचं? मी तसं म्हणाले, बरंच काही म्हणाले. कुंदाताई चालत राहिल्या. शेअर रिक्षाच्या थांब्यापाशी आल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"बरं केलं पोरीनं," त्या म्हणाल्या. "चहा ऱ्हाऊ दिला असता तर मी पिऊन मोकळी झाले असते."