नंदीचे वरचे दात

बैलाला वरचे पुढचे दात नसतात. हे मला लिहून सांगावं लागायलंय, याचाच मला पहिला राग हाय. आमच्याकडं माणूस सोयरीक जुळवताना नाव-गाव विचारतो आणि बैल घेताना जबडा उघडून बघतो. दोन दाती, चार दाती, सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला, बैलाचं वय कळतं ते सगळं खालच्या दातावरून. आणि अशा मुलखात एका महादेवाच्या देवळापुढं सिमेंटचा नंदी बसलाय, त्याच्या तोंडात वर एक ओळ आणि खाली एक ओळ. पांढऱ्याशुभ्र, जाहिरातीतल्या बाईसारख्या.

तो नंदी मी केला. दात मी केले न्हाईत.

मी गवंडी. शाळेत दोनच वर्षं गेलो, पण थापी हातात आली की मला कोणी शिकवायची गरज पडली न्हाई. भिंती तर सगळेच बांधतात. मी जनावरं करायचो. लोकांना घराच्या कमानीवर सिंह पाहिजे असायचा. सिंह त्यांनी बघितलेला नसायचा, मीबी बघितलेला न्हाई, म्हणून आमचं जमायचं. बैलाचं तसं चालत न्हाई. बैल सगळ्यांनी बघितलेला असतो, अशी माझी समजूत होती.

आणि बैल मला आतून माहीत हाय. आमचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. गावानं ते आमच्यावर लादलेलं होतं, कोणी हौसेनं करत न्हाई. सोळा वर्षांचा होईस्तोवर मीबी त्याच्या हाताखाली होतो. खांद्याचं पातं कसं सुटं असतं, पाठीचा मणका कुठं वर येतो, हे मी हातात धरून बघितलंय. पुढं आमी बौद्ध झालो आणि आमच्या वाड्यानं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीनं, ते काम सोडलं. बापानं कातडं सोलायची सुरी विहिरीत टाकली. त्या दिवसापासून मेलेल्या जनावराला मी हात लावला न्हाई. पण हाताला जे कळलेलं असतं, ते काही विहिरीत टाकता येत न्हाई.

नामांतराच्या दंगलीला दोनेक वर्षं झाली होती. पेडगावच्या पल्याडच्या एका गावच्या पाटलानं मला बोलावलं. गावाचं नाव लिहीत न्हाई, ज्याला कळायचं त्याला दातावरून कळंल. पाटलानं माझा एक सिंह बघितला होता. म्हणाला, "नंदी करशील का? माझा लाल बैल हाय, त्याच्यावरून कर."

मी विचारलं, "मी केलेला चालंल का तुमच्या देवाला?"

"प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ते सिमेंटच हाय की," पाटील म्हणाला, आणि हसला. मीबी हसलो. तिथंच मी चुकलो.

घरी बायको म्हणाली, "देव सोडले तुमी, आता देवाचा बैल घडवायलात व्हय?"

मी म्हणलं, "बैल देवाचा नसतो. बैल बैल असतो."

काम देवळाच्या अंगणात, उघड्यावर होतं. आधी मी आठ दिवस नुसता पाटलाच्या गोठ्यात बसलो. तो लाल बैल बसताना पुढचे गुडघे आधी टेकायचा, मग मागचं धूड एका कुशीवर सोडायचा, आणि बसल्यावर भला मोठा सुस्कारा टाकायचा. मी त्याला वितीनं मोजला. मग सळईचा सांगाडा केला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. त्याच्यावर जाळी, त्याच्यावर सिमेंट. महिना गेला. धड झालं, वशिंड झालं, शिंगं झाली, कानसुद्धा झाले. येणारे-जाणारे थांबायचे. एक म्हातारा शेतकरी नंदीच्या कुशीवर हात ठेवून म्हणाला, "आता सुस्कारा टाकतोय बघ." आयुष्यात तेवढी शाबासकी मला कोणी दिली न्हाई.

राहिलं होतं फक्त तोंड. मी ते मिटलेलंच करणार होतो, रवंथ करताना असतं तसं.

त्या आठवड्यात पाटलाचा लाल बैल पोटफुगीनं मेला. पाटील देवळात आला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तू हितं हायेसच. तुमच्या वाड्यातले चार जण बोलव आणि ओढून टाका त्याला."

मी थापी खाली ठेवली. "पाटील, मी गवंडी म्हणून आलोय."

"गवंडी आज झालास. तुझा बाप काय करायचा ते सगळ्या गावाला मालूम हाय."

"बापानं सोडलं ते."

"व्वा! विद्यापीठाचं नाव बदलायला निघालात, आता मेलेली ढोरंबी आमीच ओढायची का?"

"बैल तुमचा हाय, तुमीच ओढा," मी म्हणलं. "मला त्याची हाडं माहीत हायेत म्हणून तुमचा नंदी बसलेला दिसतोय. न्हाई तर पोत्यावानी पडला असता."

पाटलाचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून येऊ नको."

मी थापी धुतली, पिशवीत टाकली आणि निघालो. ज्या म्हाताऱ्यानं शाबासकी दिली होती, तो पाराजवळच बसला होता. मी जवळून गेलो तेव्हा त्यानं तंबाखू मळायला घेतली, मान वर केली न्हाई. पाटलाचा मला जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट त्याचा आला.

मग त्यांनी शहरातून एक कलाकार आणला. त्यानं तोंड उघडं केलं, जीभ बाहेर काढली, आणि वर-खाली दात बसवले. प्रतिष्ठा झाली, हार पडले, नारळं फुटली. सगळं गाव शेतकऱ्यांचं! एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई. देव म्हणलं की डोळे मिटायची सवय.

ध्यानात आलं ते ताडकळसच्या बाजारात. त्या गावचा कोणी बैल विकायला आला की दलाल बैलाचा वरचा ओठ उचलायचा आणि ओरडायचा, "अरे, याला वरचे दात न्हाईत की! तुमच्या गावचा न्हाई हा, चोरीचा हाय!" सगळा बाजार हसायचा. वर्षभर हे चाललं. मीबी त्या बाजारात उभा राहून पोटभर हसलोय, कशाला लपवू.

मग पाटील खुद्द माझ्या दारात आला. फटफटीवरून उतरला न्हाई. म्हणाला, "वरचे दात काढायचे हायेत. तुझाच सांगाडा हाय, तुला माहीत."

"येतो," मी म्हणलं. "पण दिवसाढवळ्या येणार. चौथऱ्यावर बसून माझ्या हातानं काढणार. आणि गावासमोर तुमी म्हणायचं, हा बैल यानं केलाय."

"आता प्रतिष्ठा झालीय. तुला हात कसा लावू द्यायचा? पुजारी छिन्नी मारंल. तू खाली रस्त्यावर उभा राहून सांग, कुठं मारायची."

महिनाभर ज्याला मी वितीनं मोजला, कुशीत घेऊन घडवला, त्याला आता मी रस्त्यावरून बोट दाखवायचं!

मी म्हणलं, "मारा की छिन्नी. वरच्या ओठातून माझी सळई गेलीय का न्हाई, ते मला एकट्याला माहीत. गेली असंल तर सगळा जबडा हातात येईल पुजाऱ्याच्या."

पाटलानं फटफटीला किक मारली आणि गेला. छिन्नी मारायची हिंमत कोणाची झाली न्हाई.

पुढं बारा-तेरा वर्षांनी नामांतर झालं. आमच्या वाड्यात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्या गावाला गेलो, रस्त्यावर उभा राहिलो. नंदीला नवा रंग दिलेला होता, दातांनाबी दिलेला होता. कूस मात्र तशीच, आता सुस्कारा टाकंल अशी. मी चौथऱ्याजवळ गेलो न्हाई. बोलावल्याशिवाय जाणार न्हाई, आणि बोलावणं अजून आलं न्हाई.

बायको अजून विचारते, "खरं सांगा, ओठात सळई हाय का?"

तिला सांगितलं न्हाई. हितंबी लिहीत न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं माझ्या दारात यावं, फटफटीवरून खाली उतरावं, आणि विचारावं.