थांबवलेली गाडी

इंग्रजी अमदानीत कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी होतो. रुईच्या गाठी मालगाडीत चढवून घेणं हे माझं काम. लाइन छोटी, गाडी सावकाश. मालाच्या डब्यांमागे माणसांचा एकच डबा. पण जिनाच्या शब्दाला वजन होतं. गाठी राहिल्यात म्हटलं की गार्ड झेंडी काखेत मारून विडी पेटवायचा. त्याचा मला भारी तोरा होता.

त्या दुपारी आमचा एक हमाल जवळ आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती, दाईने हात टेकले होते. तिला मूर्तिजापूरच्या दवाखान्यात न्यायचं, पण तिला आणणारी बैलांची दमणी अजून गावाहून पोचली नव्हती.

"बाबूजी, गार्डसायबाले बोला ना. जराशी थांबली गाडी तं जीव वाचन तिचा."

माझं काहीच जात नव्हतं. पण हमालाने चारचौघांत मागावं आणि मी लगेच द्यावं, हे मला जड गेलं.

"कंपनीची गाडी हाये, तुह्या सासऱ्याची दमणी नाई," मी म्हणालो.

बाकीचे हमाल हसले. मीही हसलो. तो गाठीला खांदा लावायला गेला.

तेवढ्यात शेवटच्या गाठीची लोखंडी पट्टी तुटली. गाठी दाबायच्या प्रेसमधून दुसरी गाठ यायला वेळ लागणार होता, म्हणून मी धावत जाऊन गार्डाला गाडी थांबवायला लावली. गाठ आली, तशी दमणीही आली. चौघांनी बाईला उचलून डब्यात निजवलं. मी तिच्यासाठीच धावलो असं नवऱ्याला वाटलं. चढता चढता वळून त्याने मला सलाम केला. मी मान हलवली.

बाई वाचली, मुलगीही वाचली. तेव्हापासून दर ईदेला माझ्याकडे शिरखुर्म्याचा कटोरा यायचा. पहिल्या वर्षी खरं सांगून टाकावंसं फार वाटलं, दुसऱ्या वर्षी जरा कमी. कटोरा मात्र दरवेळी चाटूनपुसून परत गेला. लाज वाटायची ती खाऊन झाल्यावर.

एका ईदेला बापासोबत ती पोरगी आली. पाच-सहा वर्षांची असेल. उंबऱ्याशी उभी राहून तिने मला नीट न्याहाळलं.

"माह्या अम्मीसाठी गाडी तुमीच थांबवली काय?"

बाप कौतुकाने माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो, आणि कटोऱ्यासाठी हात पुढे केला.