सिंधूने मानेला पाय लावला नाही

सिंधू झोपेतच गेली, असं तिच्या सुनेने पहाटे माझ्या दारात येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता माझे हात जाणार. माणूस मेल्यावर असलं मनात येऊ नये, पण आलं. सिंधू माझी धाकटी जाऊ. सातपूरला आमच्या दोन घरांत एकच भिंत. माझ्या आधी जायचं तिला काही कारण नव्हतं.

ती पायाळू होती. जन्मताना पाय आधी बाहेर आले, म्हणून तिचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते, अशी लोकांची समजूत. कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले लोक तिच्या ओट्यावर पालथे पडायचे आणि ती पिठाच्या हातांनी बाहेर येऊन त्यांच्या पाठीला पाय लावून आत जायची. "दादा, उठा आता. पाय लावलाय, अंथरूण नाही घातलं," म्हणायची.

मी उमेदीची वर्षं विंचूरला मान खाली घालून कांदे निवडण्यात काढली. ती मान म्हातारपणी उलटली. बोटं बधिर झाली, हातातून कप पडू लागले. मी एकटी राहते. हात गेले तर घास कोण भरवणार? सिंधूपुढे पालथी पडले आणि म्हटलं, "लाव पाय मानेला." ती मागे सरली. "नाही लावणार, अक्का. पाठीचं ठीक आहे. पाय लावल्यावर आत काय होतं ते मला तरी कुठे ठाऊक... मानेत काही चुकलं तर वर गेल्यावर भाऊजी मलाच विचारतील." भाऊजी म्हणजे माझे मालक, ते केव्हाच गेले. ती हसत नव्हती. तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

तिनेच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे. कुणाकडून झटका देऊन घेऊ नका, सावकाश व्यायाम करा, नाहीतर हातांतली ताकद जाईल. तिथल्या मुलीने शिकवलं. हनुवटी आत ओढायची, खांदे मागे घ्यायचे. मग तळहात कपाळाला लावून डोक्याने त्याला ढकलायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. ऐकायला सोपं. मला वाटायचं, कडकन मोडेल. म्हणून सिंधू रोज तिच्या स्वयंपाकघरात समोर पाटावर बसून माझ्या कपाळाला आपला हात लावायची. "ढकल, अक्का. जन्मभर मला ढकललंस, आता एक हात ढकलवत नाही?" हळूहळू कप हातात राहू लागला...

ती गेल्यावर मी व्यायाम सोडला. एकटीने करायची भीती वाटायची. बोटांत मुंग्या परत आल्या. दहावं झाल्यावर तिचा मुलगा म्हणाला, "मोठ्या आई, कळवणकडे एक जण आहे, एका झटक्यात मान मोकळी करतो. चला, गाडी काढतो." मी साडी बदलून गाडीत बसलेही. मग वाटलं, जिच्या पायाला सगळी वस्ती पालथी पडायची ती माझ्या मानेला भ्याली, आणि मी ही मान कुठल्या परक्याच्या हातात देणार? उतरले.

आता सकाळी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. सून पोळ्या लाटत असते. "मोठ्या आई, मी धरू का हात?" "नको, तव्याकडे बघ." कपाळाला माझाच हात लावते. सिंधूचा पाट मात्र समोर मांडून घेते. मान मोडेल असं आजही वाटतं. पाटाकडे बघत ढकलते.