टोपाचं झाकण

नाडीआधी टोप तपासणारी नर्स अख्ख्या रत्नागिरीत एकच झाली, ती माझी आतेबहीण. ऐंशीच्या दशकात तिने मुंबईला जाऊन एम.ए. केलं. विषय समाजशास्त्र, पण वाचन सगळं बायकांच्या जगण्याविषयीचं. त्या अभ्यासाला तेव्हा नाव होतं, नोकरी नव्हती. मग ती नर्सिंगला गेली. माझे वडील म्हणाले, "एवढं शिकून शेवटी सुया टोचणार?" ती म्हणाली, "हो मामा. आणि टोचताना विचारणार, बाई, पोटभर कधी जेवली होतीस?"

तिने ते अक्षरशः केलं. गरोदर बाईच्या घरी ती ऐन जेवणाच्या वेळी पोचायची आणि पुरुषांची पंगत उठली की थेट चुलीपाशी जाऊन झाकणं उचलायची. भाट्ये गावातल्या एका सासूने तिला पाहताच कालवणाचा टोप खाटेखाली सरकवला. ही त्याच खाटेवर बसली. "वास छान येतोय, काकी." टोप बाहेर आला. दवाखान्यात सुनेची उत्तरं सासूच द्यायची, तेव्हा ही सासूलाच तपासायला घ्यायची. दंडाला पट्टा, तोंडात थर्मामीटर. तेवढ्या वेळात सून बोलून घ्यायची.

आमच्या घरी ती आली तेव्हा वहिनी सहा महिन्यांची गरोदर होती. पहिलं मूल राहिलं नव्हतं. भाऊ बोटीवर होता. वहिनीचे ओठ पांढरेफटक पडले होते, आणि टोपात सुरमईचं डोकं व शेपटी उरली होती. "मामी, उद्यापासून ही पहिल्या पंगतीला बसेल. नाहीतर हेही मूल हाती लागायचं नाही." आई भडकली. "नर्स झालीस गो, की माझी सासू? माझ्या वेळी कोण आलं होतं झाकण उचलायला?"

आतेबहिणीने उचललेलं झाकण परत टोपावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सुरमई घेऊन आली, दोन पाट मांडले, आईला वहिनीशेजारी बसवलं आणि दोघींना वाढलं. वडील आणि मी ओटीवर थांबलो. आतून आईचा आवाज आला, "मधल्या तुकडीला काटे कमी असतात होय!"

पुतणी सुखरूप जन्मली. आई शेवटपर्यंत पहिल्या पंगतीला जेवली. आतेबहीण आता निवृत्त झाली आहे, पण अजून जेवणाच्या वेळीच येते आणि सवयीने झाकण उचलते. टोपात तिच्यासाठी मधली तुकडी राखलेली असते. ती आधी आईच्या रिकाम्या पाटाकडे बघते, मग शेजारी बसते.