मधमाश्यांच्या पुस्तकातली चोरी

मी मुळातच संशयी. इथे कॅनडात, सस्काटूनमध्ये, शेजाऱ्यानं न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, तरी मला वाटायचं, याला नक्की काहीतरी हवंय. खाणीतली इंजिनिअरची नोकरी संपली, मी जुनी पुस्तकं गोळा करायला लागलो आणि हा स्वभाव पारच मोकाट सुटला.

त्यातच व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, मुलांना शहाणं करणारी दोन पुस्तकं हाती आली. एक शिंपल्यांवर, कुणा कुमारीनं लिहिलेलं. दुसरं काही वर्षांनंतरचं, मधमाश्यांवर. त्यावरची आद्याक्षरं निराळी, आडनावही निराळं. पण आळशी मुलांना झापणारी चार पानं दोन्हींत जशीच्या तशी! म्हटलं, सापडला चोर.

लायब्ररीत जुन्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात मधमाश्यांचं पुस्तक होतं. एरवी या लेखकाला आज कुत्रंही विचारत नव्हतं. तरी मी लायब्ररीला कडक पत्र लिहिलं, की बाजूच्या कार्डावर ‘मजकूर चोरलेला आहे’ असं स्पष्ट छापा. पोस्टात टाकण्याआधी मोठ्या ऐटीत बायकोला वाचून दाखवलं.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “अहो, त्या शिंपल्यांवाल्या कुमारीचं लग्न झालं असेल. नवऱ्याची आद्याक्षरं लावली असतील.”

“कशावरून?”

“ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव कोणी लिहिलं होतं? तुम्हीच ना?”

मी हसलो. ती हसली नाही.

“इथे आल्यावर शाळेत टीचर म्हणून अप्लाय केलं, तेव्हा ऑफिसातली बाई म्हणाली, ही सर्टिफिकेटं दुसऱ्याच कुणाची तरी आहेत. नावही वेगळं, आडनावही वेगळं. मी तुम्हाला म्हटलं, चला, अॅफिडेव्हिट करून देऊ. तुम्ही म्हणालात, जाऊ दे गं, घरी काय कमी आहे?”

खरंच म्हणालो होतो. आणि पुढे इतक्या वर्षांत तो विषय एकदाही काढला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र तिथेच फाडलं.

“कुठायत ती सर्टिफिकेटं?” उसनं अवसान आणून मी विचारलं. “उद्याच बघू, काय करता येतं ते.”

“फेकून दिली,” पुढचा टॉवेल उचलत ती म्हणाली. “दुसऱ्याच कुणाची तरी सर्टिफिकेटं घरात कशाला ठेवायची?”